तात्पुरती कॅप आणि तिच्याखालची दाढ : वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे तात्पुरत्या कॅपविषयी आहेत. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रावरून दात तपासता येत नाही, हे उघड आहे. परंतु दुखण्याचे वर्णन नीट केलेले असेल तर त्यावरून बरेच काही कळते, आणि पहिल्या पत्रात ते फार नेमके केलेले आहे.

प्रश्न : माझ्या वरच्या डाव्या दाढेचा कोपरा तुटला म्हणून दंतवैद्यांनी दाढ घासून तात्पुरती कॅप बसवली. रूट कॅनल केलेले नाही. पहिल्या आठवड्यात गार पाणी लागले की कळ यायची आणि लगेच जायची. आता गरम चहानेही ठणका सुरू होतो आणि तो बराच वेळ राहतो. परवा रात्री आडवी झाल्यावर काही न खातापिताच दाढ ठणकू लागली. कायमची कॅप तयार होऊन आली आहे. ती एकदा बसली की सगळे थांबेल, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. बसवून घेऊ का?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आताच बसवून घेऊ नका. कॅप आली आहे म्हणून भेटीची वेळ अवश्य घ्या. मात्र त्या भेटीत आधी दाढेची तपासणी व्हावी आणि कॅप चिकटवण्याचा निर्णय त्यानंतर व्हावा, असे दंतवैद्यांना स्पष्ट सांगा.

कॅपला जागा व्हावी म्हणून दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरून साधारणपणे दीड ते दोन मिलिमीटर आणि बाजूंनी त्याहून थोडा कमी भाग घासून काढावा लागतो. त्यामुळे वरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, बहुतेक ठिकाणी निघून जाते आणि आतले डेंटिन उघडे पडते. डेंटिनमध्ये गरापर्यंत, म्हणजे आपण ज्याला नस म्हणतो तिथपर्यंत, जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्यांत द्रव असतो. गार किंवा गोड पदार्थ लागला की तो द्रव हलतो आणि नसेला त्याची जाणीव कळेच्या रूपाने होते. तात्पुरती कॅप ही बहुधा अॅक्रिलिक किंवा तत्सम रेझिनची, खुर्चीवरच तयार केलेली असते, आणि ती मुद्दाम सौम्य सिमेंटने चिकटवलेली असते, कारण ती पुन्हा काढायची असते. तिच्या कडा प्रयोगशाळेतून आलेल्या कॅपइतक्या घट्ट बसत नाहीत. म्हणून गार पाण्याने येणारी आणि काही सेकंदांत जाणारी कळ या काळात अपेक्षित मानली जाते. आपली पहिल्या आठवड्यातील कळ या प्रकारची होती आणि तिची काळजी करण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या प्रकारचे दुखणे चावताना होते. कॅप किंचित उंच राहिली तर जबडा मिटताना सगळा भार त्याच एका दाढेवर येतो आणि दोन-चार दिवसांत मुळाभोवतीचे तंतू सुजतात. दंतवैद्य रंगीत कार्बन कागद चाववून उंच ठिपका शोधतात आणि तेवढाच घासतात. बहुतेक वेळा काही दिवसांत आराम पडतो. आपण चावण्याच्या दुखण्याचा उल्लेख केलेला नाही, तरी तेही एकदा तपासून घ्यावे.

आपले सध्याचे दुखणे तिसऱ्या प्रकारचे वाटते. गरमाने सुरू होणे, कारण दूर झाल्यावरही रेंगाळणे, आडवे झाल्यावर वाढणे आणि आपोआप सुरू होणे ही चारही लक्षणे एकत्र आली की नस नुसती चिडलेली नसून तिची सूज परत न फिरणाऱ्या टप्प्यावर गेली असण्याची शक्यता मोठी असते. हे आपल्या किंवा दंतवैद्यांच्या हयगयीमुळेच घडले असे समजू नये. जी दाढ तुटली, तिला बहुधा आधीच कीड, जुने भरण किंवा तडा असतो. नस अगोदरच त्रासलेली असते आणि घासण्याचा ताण हा तिच्यावरचा शेवटचा भार ठरतो. घासताना होणाऱ्या उष्णतेचाही वाटा असतो. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात गराचे तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सियसने वाढल्यावर काही दातांचा गर पुन्हा सावरला नाही, असे दिसले होते. घासताना पाण्याचा फवारा सतत सुरू ठेवतात तो याच कारणाने.

तपासणीत दंतवैद्य दाढेला गार लावून कळ किती वेळ टिकते ते शेजारच्या दाढेशी ताडून पाहतील, दाढ हलकेच ठोकून पाहतील आणि मुळाच्या टोकापर्यंतचा एक्स-रे काढतील. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. त्यामुळे ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये आणि रात्रीच्या ठणक्याविषयी आवर्जून सांगावे. रूट कॅनल लागणार असेल तर ते कायमची कॅप चिकटवण्यापूर्वी होणे आपल्या फायद्याचे आहे. कॅप बसवल्यानंतरही तिला छिद्र पाडून रूट कॅनल करता येते, पण नव्या सिरॅमिकला भोक पाडणे, त्यात तडा जाण्याची जोखीम पत्करणे आणि मग ते भोक बुजवणे हे सगळे टाळता येण्यासारखे असताना कशासाठी ओढवून घ्यायचे? दाढेचा बाहेरचा आकार बदलला नाही तर तयार असलेली कॅप बहुतेक वेळा त्याच दाढेवर चालते.

शंका दोन्ही बाजूंनी सारखीच असेल, तर काही प्रकारच्या कॅप आधी तात्पुरत्या सिमेंटने बसवून काही आठवडे वाट पाहण्याची पद्धत आहे. ती सर्व प्रकारच्या सिरॅमिकला लागू होत नाही, म्हणून आपली कॅप कोणत्या पदार्थाची आहे ते विचारून घ्यावे.

भेट होईपर्यंत, मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे यांपैकी काही नसेल, तर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल वेष्टनावरील प्रमाणात घेतल्याने बऱ्यापैकी आराम मिळतो. अँटिबायोटिक स्वतःहून घेऊ नये. सुजलेल्या नसेच्या दुखण्यावर त्याचा उपयोग होत नाही. लवंगेचे तेल कापसावर घेऊन दाढेशी धरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि बऱ्याच तात्पुरत्या सिमेंटमध्येही लवंगेतील युजेनॉल असते, हे खरे. पण तेच तेल थेट हिरडीवर ओघळले तर हिरडी भाजते. दुखऱ्या दाढेशेजारी अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारे रुग्ण तर अजूनही येतात आणि दाढेच्या दुखण्यासोबत गालाला पांढरी जखम घेऊन येतात.

प्रश्न : माझ्या खालच्या दाढेचे रूट कॅनल होऊन आठ महिने झाले. तेव्हा बसवलेली तात्पुरती कॅप अजून शाबूत आहे, दुखत अजिबात नाही, मी त्याच बाजूने चावतो. अलीकडे फक्त सकाळी त्या बाजूला घाण वास येतो आणि कॅप जिभेने दाबली तर किंचित हलते. इतकी चांगली चालत असताना कायमच्या कॅपचा खर्च करायलाच हवा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील ‘दुखत अजिबात नाही’ या वाक्यावर आपला सगळा भरवसा दिसतो, आणि नेमका तिथेच घोटाळा आहे. रूट कॅनलमध्ये त्या दाढेची नस काढून टाकलेली आहे. आता कॅपखाली कीड लागली, ती डेंटिन पोखरत गेली, तरी दाढेला ते कळवण्याचे साधन उरलेले नाही. जिवंत दाढेचा मालक ज्या टप्प्यावर दवाखाना गाठतो, तो टप्पा आपल्या बाबतीत मुकाट्याने निघून गेलेला असू शकतो.

तात्पुरती कॅप साधारणपणे दोन ते चार आठवड्यांच्या हिशेबाने बनवलेली असते. तिचे सिमेंट लाळेत हळूहळू विरघळते. कडेचे सिमेंट धुऊन गेले की कॅप आणि दाढ यांच्यामध्ये फट पडते, तीत लाळ, अन्नाचा अंश आणि जिवाणू शिरतात, आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. आपल्याला येणारा वास हा बहुतांशी त्या कुजण्याचा आहे. कॅप हलणे म्हणजे सिमेंट सुटले असून ती केवळ आकारामुळे अडकून राहिली आहे. अशी सैल कॅप काही वेळा निघालेल्या कॅपपेक्षा अधिक नुकसान करते, कारण निघालेली कॅप माणसाला दवाखान्यात तरी धाडते.

दुसरा प्रश्न मुळांच्या आतला आहे. रूट कॅनल भरलेले असले तरी वरचे झाकण गळू लागले की लाळेतील जिवाणू भरणाच्या कडेने खाली उतरतात. रे आणि ट्रोप यांनी १९९५ मध्ये रूट कॅनल केलेल्या १,०१० दातांचे एक्स-रे तपासले, तेव्हा मुळाच्या टोकाचे हाड निरोगी राहण्यात वरच्या भरणाचा दर्जा रूट कॅनलच्या दर्जाहूनही अधिक महत्त्वाचा ठरल्याचे त्यांना आढळले. पुढच्या अभ्यासांत दोन्हींचे महत्त्व दिसून आले आहे; पण वरचे झाकण ही दुय्यम गोष्ट नाही, एवढे तरी त्या कामाने पक्के केले. सुमारे तीन महिन्यांहून अधिक काळ रूट कॅनल लाळेला उघडे राहिले असेल तर ते पुन्हा करून मगच कॅप बसवावी, असा संकेत अनेक दंतवैद्य पाळतात. आपल्या कॅपखाली घट्ट पक्के भरण असेल तर कदाचित ही वेळ येणार नाही. कॅप काढून पाहिल्याशिवाय हे ठरवता येणार नाही, म्हणून ती काढून पाहणे हे पहिले काम.

कॅप काढल्यावर दंतवैद्य किडलेला भाग साफ करतील आणि हिरडीच्या वर शाबूत दाढ किती उरली ते मोजतील. कायमच्या कॅपने चहूबाजूंनी किमान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची निरोगी दाढ कवेत घेतलेली असावी लागते. लाकडी पिंपाभोवती लोखंडी पट्टी आवळलेली असते, तसे ते काम आहे. तेवढी दाढ उरली असेल तर भरण नवे करून माप घेता येते. थोडी कमी असेल तर हिरडी आणि गरज पडल्यास हाडाची कड छोट्या शस्त्रक्रियेने खाली घेऊन उंची मिळवता येते, किंवा ऑर्थोडाँटिक, म्हणजे तारा लावून दात सरकवण्याच्या, उपचाराने मूळ थोडे वर ओढता येते. कीड हाडाच्या पातळीखाली गेली असेल किंवा मुळाला उभा तडा असेल, तर दाढ काढण्याचा सल्ला मिळेल आणि त्यावर वाद घालण्यासारखे फारसे काही नसते.

खर्चाविषयी आपण विचारलेच आहे, म्हणून माझे मत सांगतो. पैशाची अडचण असेल तर ती दंतवैद्यांना उघडपणे सांगावी. संकोचापोटी तारीख पुढे ढकलत राहू नये. मागच्या दाढेवर दिसण्याचा प्रश्न नसतो, तेव्हा संपूर्ण धातूची कॅप झिरकोनिया या दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकच्या कॅपपेक्षा बहुधा स्वस्त पडते आणि टिकाऊपणात कमी नसते. सरकारी दंत महाविद्यालयांत आणि त्यांच्या रुग्णालयांत हीच कामे कमी दरात होतात. वेळ जास्त जातो, भेटी जास्त होतात, परंतु शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होते. तेही अगदी शक्य नसेल, तर किमान जुनी कॅप काढून, आतून साफसफाई करून, नव्या सिमेंटने पुन्हा बसवावी आणि पुढची तारीख लिहून घ्यावी. आठ महिने न उघडलेली कॅप नववा महिनाही तशीच ठेवणे हा यांतील सर्वांत महागडा पर्याय आहे. कारण त्यापुढे प्रश्न कॅपचा न राहता इम्प्लांटचा (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाचा) किंवा ब्रिजचा (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या दाताचा) होतो.

प्रश्न : मी मस्कतला असते. सुट्टीत पुण्यात दाढेच्या कॅपचे माप दिले, पण कायमची कॅप यायच्या आत परतावे लागले. काल चिक्की खाताना तात्पुरती कॅप हातात आली. पुण्याला जायला दोन महिने आहेत. भावाने घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती बसवावी असे सुचवले आहे. चालेल का? आणि कायमची कॅप कुरिअरने मागवून इथे बसवून घेता येईल का?
— एक वाचक, मस्कत

उत्तर : तो गोंद दाढेला लावू नका. त्यातील सायनोअॅक्रिलेट ओलसर जागी ताबडतोब घट्ट होतो, हिरडीला आणि जिवंत दाढेला इजा करतो, आणि कॅप किंचित तिरकी बसली तरी ती तशीच कायम होते. पुढे ती काढताना दाढेची कड तुटण्याचीही भीती असते.

कॅप अखंड असेल तर कोमट पाण्याखाली धरून आतला सिमेंटचा चुरा हलक्या हाताने काढा. बेसिनच्या छिद्रावर आधी कापड ठेवा. धुताना वाहून गेलेल्या कॅपची हकिगत दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी सांगतेच. दाढ मऊ ब्रशने स्वच्छ करा. आरशासमोर कॅप कोरडीच बसवून पाहा, दिशा नीट लक्षात घ्या आणि दात मिटल्यावर ती पूर्वीसारखीच बसते का ते पाहा. बसत असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे तात्पुरते दंत सिमेंट वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरा. ते न मिळाल्यास कवळी चिकटवायची क्रीम आत थोडीशी लावून हलकेच चावून बसवा आणि बाहेर आलेली क्रीम पुसून टाका. क्रीमने बसवलेली कॅप रात्री झोपताना काढून डबीत ठेवावी, कारण झोपेत ती सुटून घशात जाऊ शकते. कॅप तुटलेली असेल किंवा नीट बसत नसेल तर बळजबरी करू नका.

ही सोय केवळ काही दिवसांसाठी आहे. दोन महिने थांबणे मात्र योग्य नाही. या आठवड्यातच मस्कतमध्ये कोणत्याही दंतवैद्यांकडून कॅप पुन्हा बसवून घ्यावी किंवा नवी तात्पुरती कॅप करून घ्यावी. दात हाडात खिळ्यासारखे रोवलेले नसतात, ते तंतूंनी तोललेले असतात. दाढ उघडी राहिली की शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरची दाढ हळूहळू पुढे येते आणि हिरडी घासलेल्या कडेवर चढते. काही आठवड्यांतच एवढा फरक पडू शकतो की पुण्यात नेमक्या मापाने बनलेली कॅप दाढेवर पूर्ण उतरत नाही आणि माप पुन्हा द्यावे लागते.

कुरिअरने मागवलेली कॅप दुसऱ्या दंतवैद्यांनी बसवण्याला तांत्रिक अडथळा नाही, मात्र बरेच जण दुसऱ्याच्या मापावर बनलेल्या कॅपची जबाबदारी घेण्यास नाखूश असतात आणि त्यांचे म्हणणे अवाजवीही नाही. कॅपसोबत साचा, एक्स-रे, कॅप कोणत्या पदार्थाची आहे आणि कोणते सिमेंट अपेक्षित आहे याची लेखी नोंद मागवून घ्या आणि तिथल्या दंतवैद्यांना आधी विचारून मगच पार्सल पाठवायला सांगा. तुमच्या पत्रावरून आणखी एक गोष्ट सुट्टीत येणाऱ्या सगळ्यांसाठी सांगाविशी वाटते : कॅपचे काम सुट्टीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू करावे. लग्नकार्ये, देवदर्शन आणि खरेदी आटोपल्यावर, विमानाच्या आदल्या आठवड्यात माप देणाऱ्यांची संख्या आमच्याकडे दर डिसेंबरात आणि मे महिन्यात वाढते.

तोपर्यंत त्या बाजूने चिक्की, तिळाची वडी, सुपारी, च्युइंग गम आणि हाडे टाळावीत. फ्लॉस वापरत असाल तर तो दातांच्या फटीतून वर न ओढता बाजूने सरकवून काढावा. वर ओढल्याने कॅप सोबत येते.

प्रश्न : माझ्या मुलाने जेवताना तात्पुरती कॅप गिळली. पोटात काही होईल का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : ती खरोखर पोटात गेली असेल तर बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे निघून जाते, नेहमीचे जेवण चालू ठेवावे. पोटात तीव्र दुखणे, उलट्या किंवा शौचातून रक्त दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. मात्र गिळताना ठसका लागला असेल, खोकला थांबत नसेल, श्वासात शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल, तर कॅप श्वासनलिकेत गेल्याची शक्यता धरून तत्काळ रुग्णालयात जावे. अॅक्रिलिकची कॅप साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, हे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे एक्स-रे निर्दोष आला म्हणून तपास थांबणार नाही. दाढ उघडी झाली आहे, तेव्हा दंतवैद्यांची भेटही लवकर घ्यावी.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. तात्पुरती कॅप बसवल्यापासून त्या दाढेभोवतीची हिरडी लाल झाली असून ब्रश करताना रक्त येते. भीतीपोटी त्यांनी तिथे ब्रश लावणेच बंद केले आहे. गोळी काही दिवस थांबवावी का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हृदयविकाराच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी एक दिवसही थांबवू नये, हिरडीतून येणाऱ्या थोड्या रक्तापेक्षा गोळी बंद केल्याचा धोका कितीतरी मोठा आहे. येथे रक्ताचे मूळ बहुधा कॅपच्या कडेत आहे. कड हिरडीखाली जास्त खोल गेली असेल, खडबडीत राहिली असेल किंवा सिमेंटचा कण आत अडकला असेल, तर हिरडी सतत चिडत राहते. गोळीमुळे तेच रक्त अधिक वेळ वाहते आणि साखर वाढलेली असल्यास सूज लवकर उतरत नाही. दंतवैद्य कड घासून, गुळगुळीत करून देतील, आणि ते काम काही मिनिटांचे असते. ब्रश बंद केल्याने त्या जागी जंतूंचा थर साचून रक्त वाढते, म्हणून मऊ ब्रशने हलक्या हाताने दोन वेळा स्वच्छता सुरू करावी आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. हिरडी सुजलेली असताना कायमच्या कॅपचे माप घेतले तर ते चुकते. आधी हिरडी बरी होऊ द्यावी. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांपैकी काही दिसल्यास मात्र भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दंतवैद्यांकडे वेळ घेताना गोळीचे नाव, मात्रा आणि अलीकडचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या) तपासणीचा अहवाल सोबत ठेवावा.